उजेड धरणारा

भिमाजी चढण चढून वर येतोय हे आधी कुत्र्यांना कळलं, मग पोराबाळांना, आणि सगळ्यात शेवटी सावळाला. सावळा वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावत बसला होता. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस होती. उंबरवाडीची सगळी घरं पठारावर जमली होती. तीन दगडांच्या चुलीवर खिरीचं पातेलं चढलं होतं, बाया भाकऱ्यांच्या पाट्या उतरवत होत्या, आणि खाली दूर लोणावळ्याकडं रस्त्यावरच्या गाड्या उन्हात चमकून जात होत्या. कुत्री भुंकली तशी बोलणी थांबली.

रंजना चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. पळी फिरवत राहिली. भिमाजीला बोलावणं तिनंच पोचवलं होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाच तिला सांगितलं गेलं होतं, की सासऱ्याला, म्हणजे सावळाला, एक धाकटा भाऊ आहे, तो कुसगावात राहतो, आणि त्याचं नाव या घरात काढायचं नाही. तिनं कधी काढलंही नाही. पण कुसगावच्या ज्या हॉटेलात ती चादरी-टॉवेल धुवायच्या कामाला जायची, त्याच्या मागच्याच गल्लीत भिमाजीचं घर होतं. म्हातारा सकाळी दारात बसलेला असायचा. ती दिसली की विचारायचा, "थोरला बरा हाय का?"

"बरं हायेत."

"आन झुंबर?"

"त्या बी बऱ्या हायेत."

अकरा वर्षं एवढंच बोलणं. घरी तिनं ते फक्त झुंबरबाईच्या कानावर घातलं होतं. झुंबरबाई ही सावळा आणि भिमाजी या दोघांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही, ती जन्मभर सावळाच्याच घरात राहिली. गेल्या आठवड्यात नाचणी पाखडता पाखडता ती रंजनाला म्हणाली होती, "रंजे, या बारशीला भिमाला सांग, वर ये म्हनून. मी बोलावलंय म्हनावं."

"आत्या, मामा काय म्हनतील?" सासऱ्याला ती मामाच म्हणायची.

"त्याला काय म्हनायचं ते मला म्हनंल."

आणि आता भिमाजी खरोखरच समोर उभा होता. धुतलेलं धोतर, हातात काठी, चढणीनं छाती वरखाली होत होती. सावळा शेंदराची बोटं तशीच धरून उठला.

"कुनी बोलावलं ह्याला?"

"मी," झुंबरबाई म्हणाली. "बस भिमा. दम खा."

झुंबरबाईला डावा डोळा नव्हता. त्या जागी पापणी मिटून खोल गेलेली होती, आणि वाडीतल्या लहान पोरांनाही त्यामागची गोष्ट ठाऊक होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे दोघं भाऊ मिळून पारधीला जायचे. एकानं तीन सेलची बॅटरी धरायची, दुसऱ्यानं मागून आणलेली ठासणीची बंदूक. बॅटरीच्या झोतात जनावराचे डोळे चमकतात आणि ते जागच्या जागी थिजतं. दोन डोळ्यांच्या मध्ये नेम धरायचा, की काम झालं. त्या दिवशी अंधार पडल्यावर कारवीच्या झुडपात असेच दोन डोळे चमकले. ते गायीचे निघाले. व्यायला टेकलेली गाय घरी आली नाही म्हणून सतरा वर्षांची झुंबर तिला हुडकायला गेली होती, आणि गाय सापडल्यावर तिच्या मानेशी टेकून बसली होती. गायीला खरचटलंसुद्धा नाही. झुंबरच्या डोळ्यात छर्रा गेला. पुण्याच्या दवाखान्यात भावांनी सांगितलं, गायीचं शिंग लागलं.

त्यानंतर दोघांत फाटलं. सावळा म्हणायचा, बार तू उडवलास. भिमाजी म्हणायचा, उजेड तू दावलास. एके दिवशी भिमाजीनं बायको आणि भांडी घेतली आणि तो कुसगावला उतरला, तो आज वर येत होता.

सावळानं पुढं काही म्हटलं नाही. तो दगडाच्या पलीकडं जाऊन बसला, भिमाजी अलीकडं. वाडीच्या बाकीच्या लोकांनी शहाणपणा केला. नैवेद्य झाला, वाघोबाच्या नावानं आरोळी झाली, आणि जो तो आपापल्या घरच्यांना घेऊन थोडा लांब सावलीला बसला.

रंजनाचं अर्धं लक्ष मात्र लेकीकडं होतं. आरती काल संध्याकाळी आली होती आणि आल्यापासून नीट जेवली नव्हती. चोवीस वर्षांची पोर. आश्रमशाळा, मग तळेगावला वसतिगृह आणि कॉलेज, आणि गेली दोन वर्षं वराळ्याच्या पुढं एका कंपनीत. या दिवाळीला तिला कायम करणार होते. ते पत्र घेऊनच येईल म्हणून तिच्या बापानं, लखननं, तो काम करायचा त्या बंगल्याच्या मालकालाही आधीच सांगून टाकलं होतं. पण आरती रिकाम्या चेहऱ्यानं आली. विचारलं तर म्हणाली, "आई, उद्या सांगते."

भिमाजीनं पाणी प्यायलं आणि तिच्याकडं पाहिलं. "तू लखनची ना? काय काम करतीस गं?"

लखननं तिला बोलू दिलं नाही. "इंजिनेर हाय काका. कॅमेऱ्याचं काम असतं."

गेली दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगण्यात आलं होतं. कॅमेरा. सावळानं एकदा विचारलंही होतं, की मग आमचा एक फोटो का काढत न्हाईस.

"कॅमेरा नाही," आरती म्हणाली. "मिसाइलच्या तोंडाशी एक डोळा बसतो. तो तपासते."

"आरते!" लखन दबक्या आवाजात म्हणाला.

"जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढंच सांगतेय, दादा. पुस्तकातही असतं हे." ती वडिलांना दादाच म्हणायची.

"मिसाइल म्हंजे त्ये रॉकेट?" भिमाजीनं विचारलं. "त्याला डोळा कशाला?"

आरतीनं पाटीतली एक भाकरी घेतली आणि तिचे चार चतकोर केले. ते पुन्हा गोल जुळवून पानावर ठेवले. शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो हे रंजनानं ओळखलं. थकलेली पोर जरा ताठ बसली.

"लांबून कुणीतरी लेझर मारतो. जमिनीवरचा शिपाई असेल, विमान असेल. लेझर म्हणजे उजेडच, पण हा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. जिथं मारायचंय तिथं तो पडतो आणि तिथून चारी बाजूंना फाकतो. मिसाइलचा डोळा तो फाकलेला उजेड शोधत येतो. डोळा एवढासा, नखाएवढा, आणि त्याचे असे चार चतकोर. उजव्या चतकोरावर उजेड जास्त पडला की नाक उजवीकडं वळतं. वरच्यावर जास्त पडला की वर. चारही चतकोरांवर सारखा पडला, की समजायचं नाकासमोर आहे, सरळ जायचं."

"आन मधीच दुसऱ्या कुनी बॅटरी मारली तर? फसंल की."

"नाही फसत. लेझर एका ठरलेल्या तालात लुकलुकतो. तोच ताल असेल तरच डोळा त्याच्यामागं जातो."

भिमाजीनं मान डोलावली. त्याला आवडलं होतं. रंजनाला वाटलं, झालं, आता जेवणं होतील, दिवस निभावला. तेवढ्यात दगडापलीकडून सावळा बोलला.

"त्या डोळ्याला म्होरं कोन हाय ते दिसतं का?"

आरती वळली. "कोण म्हणजे, आबा?"

"मानूस हाय, जनावर हाय, बाई हाय, पोर हाय."

"नाही. त्याला फक्त उजेड कळतो."

सावळानं बोटांवरचा शेंदूर दगडाला पुसला. "मग सोडून दे ते काम. आजच्या आज सोड."

लखन उठलाच. "बा, काय बोलतोस तू? आख्ख्या वाडीत पैली पोर हाय अशी. मी लोकांच्या बंगल्यावर पानी घालतो झाडांना, हिची आई चादरी धुती, ते कशापायी? देशाचं काम करतीय ती. चोरी करत न्हाई."

"म्या चोरी म्हनलं का? मानसं मारायचं काम म्हनलं."

"आपन न्हाई केलं तर दुसरं कुनी करनार. उद्या दुश्मनाचं आपल्या डोक्यावर पडलं म्हंजे कळंल, कशाला असतं ते."

रंजनाला नवऱ्याचं पटत होतं. लेकीनं ते काम सोडावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. वसतिगृहातून रडत फोन करणारी, इंग्रजी येत नाही म्हणून कोपऱ्यात बसणारी पोर आता अशी ताठ बसून दोन म्हाताऱ्यांना समजावत होती, ही साधी गोष्ट नव्हती. ती बोलणार, तोच आरती म्हणाली, "भांडू नका. मी सोडायचंच ठरवलंय. पत्र लिहून आणलंय. परवा देणार."

लखन बसला तो जणू कुणी पाय ओढावेत तसा. रंजनाच्या हातातली पळी पातेल्यात सुटली.

"अगं पर का?" तिनं विचारलं.

आरतीनं जुळवलेल्या भाकरीतला एक चतकोर बोटानं जरासा बाहेर सारला. "चाळीस डोळ्यांचा माल तयार आहे. गार असताना सगळे चांगले. नियम असा, की दहातला एक भट्टीत तापवून बघायचा. मी चारच्या जागी सगळे तापवले. वेळ होता म्हणून. तर सहांमध्ये हा चौथा चतकोर मंद होतो. उजेड पडला तरी कमी सांगतो. आणि आकाशातून वेगानं येताना ते तोंड तापणारच."

"कमी सांगितलं तर काय व्हतं?" झुंबरबाईनं पहिल्यांदाच विचारलं.

"नाक दुसरीकडं वळतं. वीस-पंचवीस फूट बाजूला पडतं."

"वीस-पंचवीस फूट म्हंजे शेजारचं घर."

"हो, आजी."

"मग सांगितलंस का वरती?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे निवडलेले चार चांगले निघालेत. बाकीच्यांचे आकडे तू कशाला घेतलेस? ते बाजूला ठेव आणि सही कर. दिवाळीच्या सुटीआधी माल गेला पाहिजे. सही केली तर कायम. नाही केली तर..." तिनं खांदे उडवले. "मला भांडता येत नाही, आजी. तिथं सगळे माझ्यापेक्षा मोठे आहेत. सही करणार नाही आणि राहणारही नाही. आपण होऊन निघालेलं बरं."

"कर की सही," लखन कळवळून म्हणाला. "ते साहेब तुझ्यापेक्षा शिकलेले असतील ना? त्यांना कळत नसंल?"

भिमाजी कोरडं हसला. "सहीचं काय घेऊन बसलास, लखन. बंदुकीचा कधी दोष असतो व्हय? उजेड जिकडं, तिकडंच बंदूक बघनार."

हे तो लखनकडं बघून म्हणाला खरा, पण ते कुणाला लागलं हे सगळ्यांना समजलं. सावळा झटक्यात उठला.

"काय म्हनायचंय तुला, भिम्या?"

"तेच. जे त्या दिसापासून म्हनतोय. तू उजेड दावलास, म्या बार काढला. अंधारात मला काय दिसनार व्हतं?"

"बहिणीचा डोळा फोडलास आन वर..."

"म्या फोडला? म्या एकल्यानं?"

"म्या निस्ता उजेड धरला व्हता! निस्ता उजेड!" सावळाचा आवाज चिरकला. लांब सावलीत बसलेली माणसंही आता गप्प झाली.

आरती घाबरून मध्ये उभी राहिली. तिला भांडण थांबवायचं होतं, आणि थांबवायला तिच्यापाशी होतं ते तिनं दिलं. "आबा, असं म्हणू नका. उजेड धरणाऱ्याचं काम हलकं नसतं. उलट तेच मोठं. एकदा मिसाइल सुटलं की सोडणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. पण उजेड धरणारा शेवटपर्यंत बघत असतो. मध्येच कुणी माणूस आला, पोर आलं, तर तो उजेड बाजूला नेऊ शकतो. मोकळ्या माळावर. मिसाइल त्याच्यामागं जातं आणि तिथं पडतं. शेवटी कुणी वाचवायचं म्हटलं, तर तोच एक असतो."

तिनं हे आजोबांची बाजू घेण्यासाठी सांगितलं होतं. रंजना सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला दिसलं की झालं उलटंच. सावळा हळूहळू खाली बसला. हात गुडघ्यावर ठेवले. मग म्हणाला,

"मला बांगड्या ऐकू आल्या व्हत्या."

रंजनाला काही कळलं नाही.

"कारवीत. डोळं चमकलं, आन बांगड्या वाजल्या. काचंच्या. मला कळलं की हितं मानूस हाय. पर चार दिस घरात धड काय शिजलं नव्हतं. म्हनलं बॅटरी हलवली आन भेकर असलं तर पळंल, भिम्या शिव्या दील. एक दम म्हनलं, बघू. एकच दम. तेवढ्यात बार झाला."

वारा कारवीतून आला आणि गेला. भिमाजी भावाकडं बघत होता.

"आन तू मला बोलला न्हाईस?"

सावळानं मान आणखी खाली घातली.

"पंचेचाळीस वर्सं, दादा. ह्यो हात," त्यानं उजवा हात पुढं केला, "ह्यो हात जेवताना मला दिसायचा. आन तू मला बोलला न्हाईस."

तो उठला, काठी घेतली, आणि जेवणाच्या पानांना वळसा घालून उतरणीला लागला. लखन "काका, काका" करत दोन पावलं गेला, पण भिमाजीनं मागं पाहिलं नाही.

झुंबरबाई जागची हलली नव्हती. सावळानं तिच्याकडं बघायचा प्रयत्न केला, पण त्याला बघवलं नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तोंडावर उजेड आला तशी म्या हात वर केला व्हता. म्याच वाजवल्या बांगड्या. भिमाच्या गालाशी बंदूक, त्याला कुटलं ऐकू येतंय. पर तू म्होरं व्हतास. तुला ऐकू आलं असंल हे मला दवाखान्यात पडल्या पडल्याच समजलं."

"मग बोलली का न्हाईस मला?"

"तू बोलशील म्हनून थांबले." तिनं पदर सारखा केला. "लय वेळ लावलास, दादा."

सावळा रडला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नसलेलं, नुसते खांदे हलणारं. झुंबरबाईनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "तू मला काय कमी केलं न्हाईस. आधी माझ्या ताटात वाढलंस, मग पोरांच्या. पर एक सांगते. आजपतूर तू कवाबी माझ्या ह्या अंगाला बसायचास. डोळा न्हाई त्या अंगाला. मला तुझं तोंड दिसू नये म्हनून. आज हिकडं ये. उजवीकडं बस."

सावळा उठला, तिच्या मागून फिरून आला आणि तिच्या उजव्या बाजूला बसला. ती त्याच्याकडं बघत राहिली. रंजनाला तिथं थांबवेना. तिनं डब्यात खीर भरली, झाकण लावलं आणि ती उतरणीला पळाली.

भिमाजी पहिल्याच वळणावर, एका दगडावर टेकला होता. तिनं डबा पुढं केला. त्यानं घेतला नाही, नाहीही म्हटलं नाही.

"मामा, उपाशी जाऊ नका. बारशीची खीर हाय."

"रंजे, तोंडानं काय बी म्हनलो, तरी मला वाटायचं चूक माझ्याच हाताची." तो हाताकडं बघत होता. "आज कळलं, एकट्याची न्हवती. हलकं वाटाया पायजे. पर मला त्याचा राग येतोय. आदी कवा आला नव्हता एवढा."

"येनारच."

"परत वर चल म्हनशील तर मी येनार न्हाई. निदान आज न्हाई."

"मी चल म्हनायला आलेच न्हाई. डबा द्यायला आले."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि डबा घेतला. धोतराच्या सोग्यात नीट धरला, सांडू नये म्हणून, आणि उतरायला लागला.

ती वर परतली तेव्हा झुंबरबाई आरतीशी बोलत होती. सावळा आणि लखन नुसते ऐकत होते.

"तू पत्र देशील आन सुटशील," झुंबरबाई म्हणत होती. "ते सहा डोळं थांबतील का?"

"नाही. दुसरं कुणीतरी सही करील."

"त्याला ठाऊक असंल का, त्यातलं सहा आंधळं हायेत म्हनून?"

आरतीनं मान हलवली. "आकडे फक्त माझ्याकडं आहेत."

"मग? तुला ऐकू आलंय पोरी. ज्याला ऐकू आलं त्यानं हात हलवायचा. तिथनं उठून जायचं न्हाई."

"मला तिथं कुणी नाही गं, आजी. साहेबांच्या वरही साहेब आहेत. त्यांच्यासमोर उभी राहिले की मला शब्द सुचत नाहीत."

"शब्द कशाला? आकडं हायेत ना? आकडं ठेव म्होरं."

आरती आजोबांकडं वळली. "आबा, तुम्ही तर सोड म्हणालात."

सावळानं नाक पुसलं. "मी काय सांगू तुला. मी एक दम थांबलो. तू थांबू नको."

सगळे लखनकडं बघायला लागले. तो चिडलेला होता, भ्यालेला होता, आणि बंगल्याच्या मालकाला आता काय सांगायचं हेही त्याच्या डोक्यात असणार. त्यानं जमिनीवरची एक काडी उचलून मोडली.

"मी येतो तुझ्यासंगं," तो म्हणाला.

"दादा, आत सोडत नाहीत कुणाला."

"मग गेटवर बसंन. तुला ठाऊक असंल ना, भाईर कुनीतरी हाय म्हनून."

आरती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. आणि मग तिनं समोरची भाकरी उचलून खाल्ली, चारही चतकोर, खिरीबरोबर, आणि रंजनानं तिला पुन्हा वाढलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना हॉटेलच्या मागच्या अंगणात रंजना चादरी वाळत घालत होती, तेव्हा फोन आला. आरती एवढ्या भरभर बोलत होती की तिला दोनदा थांबवावं लागलं.

साहेब रागावले. आकडे घेऊन ती त्यांच्या वरच्या बाईंकडं गेली, आणि तिथं तिच्या तोंडून खरंच शब्द फुटला नाही. नुसता कागद पुढं केला. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चाळीसच्या चाळीस डोळे आपल्यासमोर तापवायला लावले. ते सहा मंद होतेच, आणि आधी ठीक वाटलेले आणखी तीन निघाले. चौथा चतकोर ज्या लेपानं बसवतात तो लेपच एका डब्यातला खराब होता. माल थांबला. कायमचं पत्र काही मिळालं नाही. "या दिवाळीत नाही आई, ते सरळ सांगितलं त्यांनी. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. पण दिवाळीनंतर प्रत्येक डोळा तापवून बघायचा असा नवा नियम लावणार आहेत, आणि ते काम मला दिलंय. भट्टीची किल्ली माझ्याकडं आहे."

"आन तुझे दादा?"

"सकाळी नऊपासून गेटसमोरच्या दगडावर आहेत. वॉचमन वराळ्याचा आहे. त्यानं दोनदा चहा पाजला. आता दोघं भात-कापणीवरून वाद घालतायत."

रंजनानं फोन ठेवला आणि ओल्या चादरीत तोंड खुपसून क्षणभर उभी राहिली. हसू की रडू हे तिचं तिलाच कळेना. मग मुकादम हाक मारायला लागला, तेव्हा पुढची चादर झटकली.

भाऊबीजेला हॉटेल भरलेलं होतं, त्यामुळं तिला सुटी नव्हती. सकाळी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि थबकली. गल्लीच्या तोंडाशी सावळा उभा होता. डोक्याला पटका बांधलेला, पायांत लखनच्या चपला. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस वाडीवरून एकटा उतरून आला होता, आणि आता प्रत्येक दाराकडं परक्यासारखा बघत होता.

"मामा?"

"रंजे," तो म्हणाला. "भिम्याचं घर कंचं?"

तिनं बोटानं दाखवलं. निळं दार, पुढं कढीपत्त्याचं झाड. बरोबर चल असं तो म्हणेल म्हणून ती थांबली, पण तो म्हणाला नाही. एकटाच गेला. दारापुढं उभा राहिला. कडी वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. मग पुन्हा उचलला.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

सावळानं पटका सारखा केला.

"मी. सावळा."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. भिमाजी उघड्या अंगानं उंबऱ्यात उभा होता. दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडं बघत होते.

"काय काम हाय?" भिमाजी म्हणाला.

"झुंबरनं पाट मांडलेत. दोन." सावळा म्हणाला. "एकाला ववाळत न्हाई म्हनती. दोगं आल्याबिगर."

रंजनाच्या हातातल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल घसरून खाली पडला, पण ती वाकली नाही.

"तुझ्यासाठी न्हाई येत मी," शेवटी भिमाजी म्हणाला.

"ठावं हाय."

"थांब मग. सदरा घालतो."

हॉटेलातून मुकादमानं रंजनाच्या नावानं दोनदा हाक मारली. ती तशीच उभी राहिली. दोघं म्हातारे गल्लीतून बाहेर पडले, सावळा पुढं आणि भिमाजी चार हात मागं. कोपऱ्यावर चढ सुरू होतो. तिथं सावळा चालता चालता हळू झाला, भिमाजी बरोबरीला येईपर्यंत हळू झाला, आणि मग दोघं शेजारी शेजारी वर वळले.